आपल्या ताटाला ओळखणारी पुस्तकं
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचं शब्दांकन)

पांढुर्णा-सौंसरच्या माझ्या मंडळींनो,

पोळ्याची पुरणपोळी पुरती जिरली नाही, तोवर बाप्पाचे मोदक आले. अशा दिवसांत आहार-व्यायामाच्या पुस्तकांवर बोलायला उभं करणं म्हणजे संयोजकांनी वक्त्याची परीक्षाच पाहिली. प्रसाद आधी घ्या, मग ऐका.

मी डॉक्टर नाही, वाचणारा माणूस आहे. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून आपल्या घरात मराठी, शाळेत हिंदी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर इंग्रजी. तब्येतीचा सल्ला आता मोबाईलवर येतो, तोही अर्धाच. म्हणून घरात जी बाई स्वयंपाक करते, तिला सहज वाचता येईल असं पुस्तक घरात असावं, असं मला वाटतं.

सुरुवात शेजारून करू. नागपूरच्या गाडीत बसलं की नरखेडनंतर काटोल. तिथले डॉ. श्रीकांत जिचकार आपल्यापैकी अनेकांना आठवत असतील. खरी भूक ओळखा आणि दिवसातून दोनदाच जेवा, हे ते व्याख्यानांतून सांगत. २००४ मध्ये अपघातात ते गेले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी तोच विचार गावोगाव नेला. त्यांचं ‘विनासायास वेट लॉस’ हे पुस्तक आपल्याकडे वाचलं कमी आणि ऐकलं जास्त जातं. दोन वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण, अधेमधे काही नाही आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं, एवढं सगळ्यांना पाठ आहे. पण सुरू करण्यापूर्वी उपाशीपोटीचं इन्सुलिन आणि तीन महिन्यांची साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी करा, असंही ते सांगतात. मोबाईलवरच्या निरोपात नेमकं तेच गळतं.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी असाच निरोप वाचून सकाळचं खाणं बंद केलं. साखरेची गोळी मात्र चालू. दुपारी दरदरून घाम, हातपाय थरथरायला लागले. नशीब, सुनेला सुचलं आणि तिनं साखरपाणी पाजलं. साखरेच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन, तुम्ही जेवलात की नाही हे पाहत नाहीत. ती साखर उतरवतातच. तेव्हा औषध चालू असलेल्यानं जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांकडून मात्रा बदलून घ्यावी. लहान मुलं, गर्भार बाई, यांनी तर या वाटेला जाऊच नये.

आणखी एक. ही पुस्तकं ज्यांचं खाणं जास्त झालंय त्यांच्यासाठी आहेत. आपल्याकडे एकाच घरात सासऱ्यांना साखर असते आणि सुनेच्या अंगात रक्त कमी असतं. दिवसभर कपाशी वेचणाऱ्या बाईला दोन वेळा जेव म्हणून सांगणं ही थट्टा आहे. सुनेसाठी मी मालती कारवारकरांचं ‘वंशवेल’ सुचवेन. होणाऱ्या आईच्या आहाराचा विचार त्यात आहे. सासूबाईंनी ते आधी वाचावं, म्हणजे सुनेला मागून जेवायला बसवण्याची चाल जरा कमी होईल.

पुरुषांसाठी एकच पुस्तक सांगा म्हणाल, तर डॉ. अभय बंग यांचं ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’. सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेला, गडचिरोलीत लोकांची सेवा करणारा हा डॉक्टर, आणि ऐन पंचेचाळिशीच्या सुमारास त्याच्याच हृदयानं झटका दिला. मग त्यानं स्वतःचं ताट, धावपळ, झोप, मन, सगळं तपासायला घेतलं. उपदेश करणाऱ्याची पुस्तकं पुष्कळ. हे रोग्याचं आहे, म्हणून मनाला लागतं. यातला आहार कमी तेलाचा आहे. आपल्या तर्रीवाल्या भाजीला ते पचणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

हिंदी शाळेत शिकलेल्या पोरांसाठी गांधीजींचं ‘आरोग्य की कुंजी’. १९४२ मध्ये पुण्यात आगाखान पॅलेसच्या कैदेत लिहायला घेतलेलं, अगदी लहान पुस्तक. तंबाखूवर त्यात वेगळं प्रकरण आहे. खर्रा चघळणाऱ्यांना भेट द्यायला बरं. त्यांचे दुधाबद्दलचे हट्ट मला पटत नाहीत, पण तेवढं सोडून वाचा.

व्यायामात आपण विदर्भाचे वारस. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी संपादलेला ‘व्यायामज्ञानकोश’ तर दहा खंडांचा आहे. तो घरात ठेवायचा नाही, मोठ्या ग्रंथालयात जाऊन पाहायचा. घरच्यांना सूर्यनमस्कार आणि जामसावळीच्या मारुतीचं पायी दर्शन पुरे. गुडघे कुरकुरत असतील तर नमस्कार खुर्चीवरून.

शेवटचं पुस्तक इंग्रजीत आहे, पण आकडेच जास्त. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांची कोष्टकं काढली. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिनं. भाकरी गरिबाची म्हणून लाजणाऱ्यांनी ते पान उघडावं. त्याच संस्थेच्या २०२४ च्या सूचनांत मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलंय, म्हणजे लहान चमचाभर. त्यात लोणचं, पापड आणि सांडग्यातलंही आलं. हिशेब घरी करून पाहा.

यातली मराठी-हिंदी पुस्तकं विसर्जनानंतर मंडळाच्या कपाटात ठेवतोय. न्यायची तर वहीत नाव लिहा, आणि दीक्षितांचं नेणाऱ्यानं तपासणीचं पान आधी वाचा.