गावापर्यंत पोचलेली सत्ता
(स्वागताध्यक्षीय भाषण)



 तौलनिक संविधान कायद्याची परिषद पुण्या-मुंबईला न भरवता अग्रणी नदीच्या कवठे महांकाळ या दुष्काळी तालुक्यात का, असा प्रश्न निमंत्रणपत्रिका निघाल्यापासून विचारला जात आहे. त्याचे उत्तर आमच्या भूगोलात आहे. 8 मार्च 1948 रोजी दक्षिणेतली संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. त्यापूर्वी या परिसरात किती राजवटी शेजारी-शेजारी नांदत होत्या, ते पाहावे. आज आमच्या तालुक्यात असलेले कुची तेव्हा सांगली संस्थानातल्या एका तालुक्याचे नाव होते. पूर्वेला जत संस्थान, पश्चिमेला मिरजेच्या दोन पात्या, तासगावात इंग्रजी अंमल आणि उत्तरेला आटपाडीत औंध. शेताचा बांध ओलांडला की कायदा बदलावा, सारा बदलावा, दाद मागायचे ठिकाणही बदलावे, अशी इथली स्थिती होती. कायद्यांची तुलना हा या मुलखात पुस्तकी विषय नव्हता. सारा भरणाऱ्या कुणब्याला ती रोज करावी लागे.

या सगळ्यांत औंधाविषयी मी जरा सविस्तर बोलणार आहे, आणि पाहुण्यांनी ते ऐकून घ्यावे अशी विनंती आहे, कारण या संस्थानाची जेवढी आठवण राहायला हवी होती तेवढी राहिलेली नाही. सुमारे बहात्तर गावांचे, तुकड्यातुकड्यांत विखुरलेले हे राज्य. बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्याचे अधिपती. सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते, स्वतः चित्रकार, महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे आश्रयदाते. लक्ष्मणराव किर्लोस्करांना 1910 साली कुंडलजवळच्या माळावर कारखान्यासाठी जागा मिळाली ती याच राज्यात. बाळासाहेबांचे चिरंजीव बॅरिस्टर अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने राज्यघटना सिद्ध केली आणि 21 जानेवारी 1939 रोजी ती जाहीर झाली. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींच्या प्रमुखांतून तालुक्याची समिती व्हायची आणि त्यातून मध्यवर्ती विधिमंडळ उभे राहायचे, अशी तिची बांधणी होती. राजाने स्वतःच्या खर्चालाही मर्यादा घालून घेतली. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले गेले. शिक्षा झालेल्या कैद्यांनी तिथे कुटुंबासह राहावे, शेती करावी, भिंतीवाचून माणूस म्हणून जगावे, असा तो उपक्रम. व्ही. शांताराम यांच्या 1957च्या ‘दो आँखें बारह हाथ’ची प्रेरणा तीच. चित्रपट देशाला माहीत आहे, आटपाडी मात्र फार थोड्यांना.

या इतिहासातून मला एकच मुद्दा परिषदेपुढे ठेवायचा आहे. संविधानांची तुलना करताना आपण संसद, राष्ट्रपती, सर्वोच्च न्यायालय यांच्या रचना शेजारी ठेवतो. सत्ता खाली कुठवर उतरते आणि तिथे ती किती टिकते, ही कसोटी त्यांच्याइतकीच महत्त्वाची मानावी. यावर पहिला आक्षेप असा येईल की औंधची लोकशाही राजाच्या औदार्यावर उभी होती, हक्कावर नव्हे. हे खरे आहे. पण वरून मिळालेले लोकांनी पेलले की नाही, हे पुढच्या काळावरून पाहावे. 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने सातारा जिल्ह्यात गावोगाव न्यायदान मंडळे चालवली; त्या चळवळीचे एक मोठे केंद्र असलेले कुंडल औंध संस्थानातलेच. तिथे सत्ता कोणी दान दिली नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी खेड्याला घटनेचा पाया मानण्यास नकार दिला. खेड्यातला जातीचा दाब त्यांनी भोगलेला होता. तो आक्षेप आजही खोडता येत नाही, येऊही नये. त्याच महिन्यात के. संथानम यांच्या दुरुस्तीने ग्रामपंचायतींचे कलम 40 आले, पण मार्गदर्शक तत्त्वांत. माझ्या मते बाबासाहेबांच्या आक्षेपाला खरे उत्तर 73व्या घटनादुरुस्तीने दिले. 24 एप्रिल 1993पासून पंचायत आली ती अनुसूचित जाती-जमातींच्या आणि स्त्रियांच्या राखीव जागांसह. गावाला सत्ता द्यायची, पण गावातल्या बलवानाला नव्हे, हे त्या दुरुस्तीचे मर्म.

अडचण पुढे आहे. कलम 243-ई म्हणते, पंचायतीची मुदत पाच वर्षे आणि निवडणूक मुदत संपण्याआधी. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च 2022मध्ये संपली; आमची सांगलीही त्यात होती. 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगितले, तोवर तीन वर्षे प्रशासकांचा कारभार होता. निवडणुका अडल्या त्या इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या प्रश्नावर; तो सुटल्याशिवाय निवडणूक घेणे हाही अन्यायच ठरला असता, असे म्हटले जाते. त्या मागणीमागचा न्याय मला मान्य आहे. पण एक हक्क ठरेपर्यंत दुसरा गोठवून ठेवला, तर ज्यांच्यासाठी आरक्षण मागायचे त्यांनाही तीन वर्षे खुर्ची मिळत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या घटनेत स्थानिक परिषदांची मुदत संपल्यावर नव्वद दिवसांत निवडणूक घेण्याची अट आहे. 2021 साली कोरोनाचे कारण देऊन तिथल्या निवडणूक आयोगाने पुढची तारीख मागितली. संविधान न्यायालयाने ती नाकारली आणि 1 नोव्हेंबरला मतदान झाले. ब्रिटनमध्ये लिखित घटनेचे संरक्षण नसल्यामुळे बृहद् लंडनची परिषद 1986 साली साध्या कायद्याने बरखास्त होऊ शकली. संरक्षण आमच्याकडे लिहिलेले होते, तरी ते निसटले. असे का व्हावे, याचे उत्तर या मंडपात शोधले जावे अशी माझी कळकळीची अपेक्षा आहे. आमच्या मतदारसंघाचे दिवंगत आमदार आर. आर. पाटील यांनी ग्रामस्वच्छता आणि तंटामुक्ती या मोहिमा गावकऱ्यांच्या सहभागावर उभ्या केल्या होत्या, त्या गावाला सत्ता पेलता येते याच विश्वासाने.

आता व्यवस्थेविषयी. गाव लहान आहे. सर्वांची सोय एका ठिकाणी करता आली नाही, काही पाहुण्यांना घराघरांतून उतरवले आहे. यजमानांनी आपली माडी रिकामी करून दिली, त्या माउलींचे आभार शब्दांत मावत नाहीत. पाण्याची ओढ इथे जुनी आहे. म्हैसाळ योजनेने कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने चढवून आणले, द्राक्षबागा उभ्या राहिल्या, तरी टँकरची सवय सुटलेली नाही. आंघोळीच्या गरम पाण्याला उशीर झाला तर सांभाळून घ्यावे. मंडप, खुर्च्या आणि ध्वनिक्षेपक विनामूल्य देणारे, रोजच्या जेवणाचा शिधा उचलणारे द्राक्ष बागायतदार, बेदाणा देणारे व्यापारी, रात्रभर राबणारे महाविद्यालयीन विद्यार्थी, मिरज स्थानकावर पहाटेपासून उभे असलेले स्वयंसेवक, आणि नाव न सांगण्याच्या अटीवर सर्वांत मोठी देणगी देणारे सद्गृहस्थ, या सर्वांचा मी ऋणी आहे. वीज गेली तर जनित्र तयार ठेवले आहे. जेवणाची पहिली पंगत एक वाजता, भाकरी आणि पोळी दोन्ही आहेत. स्वतंत्रपूर पाहू इच्छिणाऱ्यांनी आपली नावे कार्यालयात नोंदवावीत, गाडीची सोय समिती करील. परिषदाध्यक्षांनी आता सूत्रे स्वीकारावीत, अशी मी त्यांना विनंती करतो.