टेसन एक, मजुरी दोन
(नवापूर येथील गिरणी व यंत्रमाग कामगारांच्या सभेतील भाषण)



मी पुढारी नव्हे. चौथीपर्यंत शाळा, मग माग. आकडे चुकायला नकोत म्हणून कागदावर लिहून आणलेत, तेव्हा बघून बोलतो, राग मानू नका.

आपलं टेसन तुम्ही रोज बघता. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत. 1 मे 1960 ला राज्यं वेगळी झाली तेव्हा आपल्याच नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा तालुक्यांतली कित्येक गावं पलीकडे गेली. रेघ सोयऱ्या-धायऱ्यांच्या मधून गेली. आता तीच रेघ मालक आपल्याला दाखवतो. मजुरी वाढवा म्हटलं की म्हणतो, "साचे उचलतो आन् पलीकडे नेतो, मग बसा!"

या धमकीचा आज हिशेब करू.

सुरतेकडचे कारखानदार इकडे आले कशाला? विजेच्या सवलतीला आले, एमआयडीसीच्या जागेला आले. आपली मजुरी बघून आले असं कुणी सांगितलं तर त्याला विचारा, आमचा आदिवासी भाऊ दर साल ऊसतोडीला आणि बांधकामाला गुजरातेतच जातो, म्हणजे मजूर तर तुला तिकडे घरबसल्या मिळत होता! शेड, ट्रान्सफॉर्मर, साचे एवढं सगळं मांडून बसलेला माणूस मजुरीच्या चार पैशांसाठी ते उखडून नेत नाही.

चार पैसेच म्हणतो. समजा मीटरभर कापडाला सारा खर्च 20 रुपये, त्यात आपली मजुरी 2 रुपये. मजुरी पावपट वाढली तर मीटरला 50 पैसे. सहा मीटरच्या साडीला तीन रुपये. सुताचा भाव वर गेला तर मालक याहून जास्त मुकाट्याने सोसतो. तेव्हा त्याला रेघ आठवत नाही.

असाच रेघेचा हिशेब अमेरिकेत झाला. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया ही दोन राज्यं लागून. 1992 साली न्यू जर्सीने किमान मजुरी तासाला 4.25 डॉलरवरून 5.05 केली, शेजाऱ्याने केली नाही. कार्ड आणि क्रूगर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दोन्हीकडची मिळून 410 खाणावळी तपासल्या. मजुरी वाढली तिकडे माणसं कमी झालेली दिसली नाहीत. यावर पंडितांची भांडणं पुष्कळ झाली, अजून मिटलेली नाहीत. पण कार्डसाहेबांना 2021 साली नोबेल मिळालं. कारण आपल्याला शाळेशिवाय समजतं. आमच्या शेडमध्ये पाळी सुरू होते तेव्हा दोन-चार साचे माणसावाचून उभे असतात. माणूस चार महिने टिकतो आणि जातो. दर बरा मिळाला तर तो टिकेल, साचा फिरेल, मालकाचाही टाका वाढेल.

दुसरं, आपल्यातच काही म्हणतात, कमी द्या पण काम द्या. ही गोष्ट जुनी आहे. अजमेर राज्यात विजयनगरच्या कापड गिरणीत असंच झालं. सरकारने 1952 साली किमान वेतन 56 रुपये ठरवलं, मालकाने गिरणी बंद केली, आणि बरेच कामगार म्हणाले, आम्ही 35 वर येतो. 1954 साली सुप्रीम कोर्टाने काय सांगितलं? कामगार राजी असला तरी किमान वेतनाखाली राबवता येणार नाही. भुकेला माणूस कशालाही राजी होतो, म्हणून तर कायदा.

पण मी खोटं बोलणार नाही. मजुरी वाढून तोटा होतच नाही असं नाही. आपल्याच महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी 1988 साली जवळजवळ दुप्पट झाली, आणि पुढे कामं कमी निघाली. मागेल त्याला काम हा शब्द होता, तिथे माणसं रांगेत उभी राहिली. दर कागदावर वाढला आणि पैसा मागे आला नाही, की असं होतं.

आणि मालक दुसऱ्या वाटेने वसूल करतो. एका मालकाने मीटरमागे दर वाढवला, आम्ही गुलाल उधळला. महिन्यात त्याने माणशी आठ साच्यांचे बारा केले आणि कांडी भरणाऱ्या दोन बाया घरी बसवल्या. त्या बायांचा गुलाल कुणी उधळला? म्हणून दराबरोबर साच्यांचा आकडाही करारात लिहून घ्या. दर एकटा मागू नका.

मुंबईचं उदाहरण देऊन आपल्याला भिववतात. 18 जानेवारी 1982 ला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि गिरणगाव बसलं, हे खरं. पण कापड विणायचं थांबलं का? विणाई भिवंडीच्या मागांवर गेली, जिथे ना हजेरी ना पगाराची वही. जास्त मजुरीने काम पळालं म्हणता, मी म्हणतो शेजारी बिनकायद्याची मजुरी होती म्हणून पळालं.

तेव्हा आपली मागणी रेघेच्या दोन्ही बाजूंना पाहिजे. पूर्वी दिल्लीचं तळाचं वेतन नुसतं सुचवणीचं होतं. 2017 साली ते दिवसाला 176 रुपये होतं आणि कुणावर सक्ती नव्हती. 2019 ची वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यात केंद्राने ठरवलेल्या तळाखाली कुठल्याच राज्याला जाता येत नाही. तो तळ किती ठेवायचा, भांडण तिथे आहे. 1957 च्या कामगार परिषदेने हिशेब घालून दिलाय: घरात तीन माणसांची खाणारी तोंडं, माणशी 2700 कॅलरी अन्न, वर्षाला कुटुंबाला 72 वार कापड, घरभाडं, वर वीस टक्के सरपण-दिव्याला. 72 वार, ऐकलंत का? आपण दिवसाला किती विणतो!

नवापूरची तूरडाळ मुलखात नावाजलेली. ती आपल्या ताटात रोज पडली तर पैसा इथल्याच दुकानात फिरेल, हे दुकानदार मंडळींनीही ध्यानात घ्यावं.

पुढच्या सभेला येताना प्रत्येकाने मागच्या तीन महिन्यांची पगाराची चिठ्ठी आणा. चिठ्ठी मिळत नसेल तर साचे किती, मीटर किती, हातात किती, एवढं वहीच्या पानावर लिहून आणा. लिहिता येत नसेल त्याचं मी लिहून घेईन. पलीकडच्या सोयऱ्यांनाही सांगा, त्यांचेही कागद पाहिजेत.