फ्रेंच प्रश्न आणि मराठी विद्यार्थी

लातूर-बार्शी रस्त्यावरील मुरुड गांवीं परका मनुष्य उतरला कीं, ‘कोणत्या गांवचे?’ ही पृच्छा ठरलेली. तीत केवढें व्याकरण सामावलें आहे याची विचारणाऱ्यास दादही नसते. परंतु त्याच गांवचा विद्यार्थी फ्रेंच शिकूं लागला म्हणजे हें घरचें धन विसरतो. प्रत्येक प्रश्न आधीं इंग्रजींत जुळवितो आणि मग फ्रेंचमध्यें नेतो. मराठवाड्यास असें आडवळण नवें नव्हे. १९४८ पूर्वीं, निजामी राजवटींत, तेथील शिक्षण मुख्यतः उर्दूंतून होई आणि मायबोली शाळेच्या उंबरठ्याबाहेर राही. निदान आतां तरी ती आंत यावी.

फ्रेंचचा ‘की’ म्हणजे आपला ‘कोण’. संस्कृतांतील ‘कः’ आणि लॅटिनमधील ‘क्विस्’ हीं एकाच मूळाचीं रूपें असल्यामुळें दोहोंतील ‘क’ सख्ख्या नात्याचा आहे. हें झालें कुळ. व्यवहारांतही साम्य आहेच. ‘तुम्ही मराठी बोलतां’ या वाक्याच्या शेवटीं ‘काय’ ठेवला कीं प्रश्न होतो. फ्रेंच मनुष्य ‘वू पार्ले’च्या आरंभीं ‘एस्क’ ठेवतो. मूळ वाक्याची घडी कोठेंच मोडत नाहीं. नुसता स्वर चढवूनही दोन्हीकडे काम भागतें. उलट ‘पार्ले-वू’ हा फिरविलेला क्रम अधिक औपचारिक. पण पुस्तकांत तोच ठळक छापलेला असल्यामुळें नवशिके तो सर्वत्र वापरतात. चहाच्या टपरीवर ‘आपण चहा प्राशन करितां काय?’ असें विचारावें, त्यांतला हा प्रकार!

याहून मौजेची गोष्ट ‘काय’ची. ‘कायनें’, ‘कायबद्दल’ असें मराठींत कोणी म्हणत नाहीं. प्रत्यय लागतांच ‘काय’चें ‘कशा’ होतें. फ्रेंचमध्येंही ‘क’च्या मागें शब्दयोगी आला कीं त्याचें ‘क्वा’ होतें. ‘अव्हेक क्वा’ म्हणजे ‘कशानें’. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’चा अभ्यास केलेल्यास हा नियम शिकवावा लागूं नये. ‘कोणता, कोणती’प्रमाणें ‘केल’ही नामाच्या लिंगवचनाप्रमाणें बदलतो, पण बहुधा कागदावरच, कानाला चारही रूपें सारखींच. पुढें स्वर आला तर मात्र अनेकवचन उघडें पडतें. ‘केलझामी’ म्हणजे ‘कोणते मित्र’.

खरी अडचण एके ठिकाणीं आहे. मराठी माणसांच्या बाबतींत भेद करते: ‘कोण पडला?’, पण ‘कोणाला पाहिलेंस?’ वस्तु असेल तर दोन्हीकडे ‘काय’च. फ्रेंचचें नेमकें उलट. माणसाला दोन्हीकडे ‘की’ पुरतो, वस्तूला मात्र कर्ता व कर्म यांप्रमाणें रूप बदलावें लागतें. येथें मुरुडच्या विद्यार्थ्यास घरचा आधार नाहीं. पाठ करणें हाच उपाय. ‘काय पडलें?’ यास ‘केस्की’, ‘काय पाहिलेंस?’ यास ‘केस्क’. शेवटचा एवढासा ‘ई’ चुकला तरी पॅरिसचा मनुष्य पुढील शब्द भलत्याच अपेक्षेनें ऐकूं लागतो.