कुटकीचे सत्त्व आणि यकृताचे विकार

लखनौच्या निशातगंजहून पूल ओलांडून गोमतीच्या दक्षिण तीरावर आले, की पश्चिमेस छत्तर मंझिल हा नबाबी प्रासाद लागतो. केंद्रीय औषध संशोधन संस्था १९५१ साली येथेच सुरू झाली आणि जानकीपुरमच्या नव्या वास्तूत जाईपर्यंत सहा दशके येथेच नांदली. कुटकी या हिमालयीन वनस्पतीची आधुनिक परीक्षा या संस्थेत झाली.

वैद्यांना कुटकी नवी नव्हती. आरोग्यवर्धिनीत निम्मा भाग तिचाच असतो. परंतु मुळी स्थळाप्रमाणे व ऋतूप्रमाणे बदलते, त्यामुळे मात्रेचा भरवसा राहत नाही. म्हणून संशोधकांनी तिच्यातून पिक्रोसाइड-१ व कुटकोसाइड ही ग्लायकोसाइडे १ : १.५ या प्रमाणात असलेला अंश वेगळा काढला व त्यास पिक्रोलिव्ह असे नाव दिले. कार्बन टेट्राक्लोराइड, पॅरासिटामॉल इत्यादी द्रव्ये देऊन ज्या उंदरांच्या यकृतास इजा केली होती, त्यांना हा अंश दिला असता इजा कमी आढळली.

श्रोत्यांनी येथे एक भेद ध्यानात घ्यावा. प्रयोगशाळेतील उंदराचे यकृत एका ज्ञात विषाने बिघडविलेले असते. माणसाचे यकृत विषाणूने, मद्याने, पुष्कळदा वर्षानुवर्षे झिजते. पहिल्यावरून दुसऱ्याचे अनुमान करणे धाडसाचेच.

चीनचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. कुटकीची सख्खी बहीण तेथे ‘हू ह्वांग ल्येन’ या नावाने वापरात आहे. त्यातील ‘हू’ हे अक्षरच ती परदेशातून आल्याचे सुचविते. परंतु अधिक उद्बोधक कथा आहे ती ‘ऊ वेइ त्झू’ची, म्हणजे पाच चवींच्या फळाची. कावीळ झालेल्या रुग्णांना या फळाचे चूर्ण दिल्यावर त्यांच्या रक्तातील ट्रान्सअमिनेज उतरते, असे तेथील डॉक्टरांना दिसले. यकृताच्या पेशी फुटल्या म्हणजे हे विकर रक्तात झिरपते. पुढे फळातील शिझँड्रिन-सी हे द्रव्य कृत्रिम रीतीने घडविण्याच्या खटपटीत बायफेंडेट हाती आले व ते औषध म्हणून रूढ झाले. आकडे झपाट्याने उतरत. मात्र विषाणू बहुधा जागच्या जागीच राही आणि औषध थांबविले, की अनेकांचे आकडे पुन्हा चढत. उतरलेला आकडा म्हणजे बरा झालेला रोग नव्हे, हे रुग्णाला समजावणे डॉक्टरांनाही जड जाते! हेपटायटिस-सी समूळ बरा करणाऱ्या गोळ्या पुढे निघाल्या, त्या थेट विषाणूवर घाव घालणाऱ्या आहेत; ‘बी’साठी तर प्रतिबंधक लस आहे.

इकडे कुटकीची मागणी वाढतच गेली. ही वनस्पती ३००० मीटरच्या वर, उतारांवर, अतिशय मंदपणे वाढते. औषधासाठी तिचे मूळच खणावे लागते. १९९७ साली तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित करण्यात आला. पहाडी शेतांत तिची लागवड होऊ लागली आहे, पण उतारांवरील खणणे अद्याप थांबलेले नाही.