न दिसणाऱ्या कामाची विद्या

(बारावीनंतरच्या अभ्यासक्रमांविषयी पालक व विद्यार्थी यांच्यासाठी झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन.)



बारावीचा निकाल लागला, सीईटीचे गुण हाती आले की मध्यमवर्गीय घरांतून एकच चर्चा सुरू होते. संगणक शाखा मिळेल का? ती न मिळाल्यास माहिती तंत्रज्ञान, तेही नाही तर इलेक्ट्रॉनिक्स. आणि यादीच्या तळाशी, काहीशा नाइलाजाने, स्थापत्य. ‘सिव्हिल मिळालं’ हे वाक्य ज्या स्वरात उच्चारले जाते, त्या स्वरातच समाजाने या विद्येचे केलेले मूल्यमापन दडलेले असते. ज्या घरात हे वाक्य उच्चारले जाते, त्या घराचे छप्पर, त्याच्या नळाला येणारे पाणी, मोरीतून वाहून जाणारे सांडपाणी आणि दारापर्यंत पोहोचणारा रस्ता ही सारी याच शाखेची देणगी आहे, याचे भान मात्र त्या क्षणी कुणालाच नसते.

हे भान नसण्याचे कारण या विद्येच्या स्वभावातच आहे. तिचे काम चोख झाले की ते दिसत नाही. पाया जमिनीखाली असतो, लोखंडी सळई काँक्रीटच्या आत असते, जलवाहिनी आणि मलवाहिनी रस्त्याच्या पोटात असतात. काम बिघडते तेव्हाच ते दिसते. म्हणून स्थापत्य आणि पर्यावरण अभियांत्रिकीच्या पदवीकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्या दिवसापासून एक गोष्ट मनाशी पक्की करावी लागते. ही न दिसणाऱ्या कामाची विद्या आहे आणि तिचा पहिला धडा सचोटीचा आहे.

दोन नावे, एकच विद्या

पुण्यात १८५४ मध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले, ते सार्वजनिक बांधकाम खात्याला कनिष्ठ अधिकारी मिळावेत एवढ्याच हेतूने. परकीय सत्तेला कारकून हवे होते, तसेच ओव्हरसियरही हवे होते. परंतु त्याच संस्थेतून १८८३ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या उत्तीर्ण झाले आणि मागणाऱ्याने मागितले त्याहून कितीतरी मोठे माप या भूमीने त्याच्या पदरात टाकले. खडकवासला धरणावर १९०३ मध्ये बसविलेली त्यांची स्वयंचलित दारे अभ्यासक्रमात सांगितली जातात. त्यामानाने कमी सांगितले जाते ते असे की, तत्पूर्वी याच अभियंत्याने सिंधमधील सक्कर शहराला शुद्ध पाणी मिळवून देण्याची योजना राबविली होती. धरण बांधणारा आणि पिण्याचे पाणी शुद्ध करणारा असे दोन वेगळे अभियंते त्या काळी नव्हते.

पुढे ज्ञानाचा विस्तार झाला आणि शाखा वेगळी दिसू लागली. नागपुरात १९५८ मध्ये केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था उभी राहिली. १९७४ मध्ये तिचे नाव बदलून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे आजची ‘नीरी’, असे झाले. त्याच वर्षी जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा आला. ‘सार्वजनिक आरोग्य’ या शब्दाच्या जागी ‘पर्यावरण’ हा शब्द आला. परंतु मूळ नाव विसरता कामा नये. पर्यावरण अभियांत्रिकी म्हणजे केवळ वृक्षारोपण आणि घोषणा नव्हेत. पटकी, कावीळ, विषमज्वर यांना गावाच्या वेशीबाहेर रोखणारे ते शास्त्र आहे.

चार वर्षांत काय घडते?

या पदवीच्या चार वर्षांत विद्यार्थी नेमके काय शिकतो, हे पालकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे. आरंभी सर्वेक्षण येते. डम्पी लेव्हल, थिओडोलाइट आणि आता टोटल स्टेशन घेऊन विद्यार्थी उन्हात उभा राहतो आणि जमिनीचा चढउतार मोजतो. डोळ्यांना सपाट दिसणारी जमीन सपाट नसते, हे त्याला तेथे प्रथम कळते. मग पदार्थांचे बल, द्रवयांत्रिकी, मृदायांत्रिकी, जलशास्त्र, संरचनांचे विश्लेषण, काँक्रीट व पोलाद यांचे संकल्पन असे विषय एकामागून एक येत जातात.

काँक्रीटच्या प्रयोगशाळेत दीडशे मिलिमीटर बाजूचे ठोकळे ओतले जातात. ते २८ दिवस पाण्यात ठेवून मग यंत्राखाली दाबून फोडले जातात. एम-२० म्हणजे २८ दिवसांनी प्रति चौरस मिलिमीटर २० न्यूटन बल पेलणारे काँक्रीट. पण भारतीय मानक ४५६ त्याला जोड देते की, शंभरांपैकी पाचांहून अधिक चाचण्या या आकड्याच्या खाली जाणे अपेक्षित नाही. एका वाक्यात केवढे शहाणपण आहे! निसर्गातील आणि माणसाच्या हातातील अनिश्चितता अभियंता नाकारत नाही. तो ती मोजतो आणि तिच्यासाठी जागा ठेवतो. मिश्रण पातळ झाले की ओतायला सोपे जाते, म्हणून कामावर गवंडी बादलीभर पाणी जास्त घालतो. त्या एका बादलीने काँक्रीटची ताकद उतरते. ‘असे करू नका’ हे ठामपणे आणि आदराने सांगता येणे हाही या शिक्षणाचाच भाग आहे. त्याची प्रश्नपत्रिका मात्र कोणतेही विद्यापीठ काढत नाही.

चुकांची किंमत

प्रत्येक विद्येला आपले इतिहासग्रंथ असतात. स्थापत्याचे इतिहासग्रंथ कोसळलेल्या बांधकामांनी लिहिले आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फुटले आणि पुण्याचा नदीकाठ उद्ध्वस्त झाला. पानशेतचे काम पूर्ण झालेले नसतानाच पहिल्या पावसाळ्यात जलाशय भरत गेला होता; पाणी बाहेर सोडण्याच्या मार्गाचे काम अपुरे होते. घाई आणि मातीचे धरण यांचे जमत नाही, हा धडा एका शहराने फार महाग घेतला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे गेली. त्यांतील बहुसंख्य भूकंपाने नव्हे, तर स्वत:च्या घराने मारली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर मातीचे अवजड माळवद. भिंतीचे आतील व बाहेरील थर एकमेकांना बांधणारे आरपार दगड नाहीत, चारी भिंतींना कवेत घेणारा पट्टा नाही. अशा घरांना कमी खर्चात बळकट करण्याचे मार्ग शास्त्राला ठाऊक होते. ते गावापर्यंत पोहोचले नव्हते. शिवाय हा सारा भाग तत्कालीन नकाशात भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पहिल्या विभागात मोडत होता. २००२ च्या सुधारणेत तो पहिला विभागच रद्द करण्यात आला. नकाशा बदलला, पण प्रत्येक गावातील गवंड्याचा हात बदलण्याचे काम आजही कुणीतरी शिकलेल्या माणसानेच करावयाचे आहे.

पाणी येते, तसे जातेही

पर्यावरणाच्या विषयाचे महत्त्व एका साध्या गणिताने कळते. शहरातील माणसामागे दररोज १३५ लिटर पाणी द्यावे, असा संकल्पनाचा प्रचलित दंडक आहे. एक लाख वस्तीच्या गावाला म्हणजे दररोज १ कोटी ३५ लाख लिटर पाणी लागते. त्यातील साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन परत येते, असे धरतात. म्हणजे दररोज १ कोटी ८ लाख लिटर. पाणी आणणाऱ्या योजनेचे उद्घाटन होते, नारळ फुटतो, छायाचित्रे येतात. त्या १ कोटी ८ लाख लिटरचे पुढे काय, हा प्रश्न नाल्यात सोडून दिला जातो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नोंदींनुसार देशातील शहरांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती ती २०,२३५ दशलक्ष लिटरवर. शंभरातले जेमतेम अठ्ठावीस! उरलेले आपण ज्यांना माता म्हणतो त्या नद्यांच्या पदरात जाते. प्राचीन जलाशयांच्या धोळावीरा नगराला २०२१ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, कौटिल्याने रस्त्यावर घाण टाकणाऱ्यास दंड सांगितला, कात्रजच्या तलावाचे पाणी पेशवाईत भुयारी नळांतून पुण्याच्या हौदांत आले. या साऱ्याचा अभिमान अवश्य असावा. परंतु आपल्या गावच्या नाल्याकाठी उभे राहून नाकाला रुमाल लावावा लागत असेल, तर त्या वारशाचे आपण वारसदार आहोत की केवळ भाट, हा प्रश्न स्वत:ला विचारला पाहिजे.

मापही आपले असावे

या अभ्यासात स्वदेशाचे भान किती आवश्यक आहे, याचे एक नेमके उदाहरण आहे. सांडपाण्याची घाण मोजण्यासाठी त्यातील जिवाणू किती प्राणवायू खातात हे पाहतात. तिला ‘बीओडी’ म्हणतात. ही चाचणी पाच दिवसांची ठरली ती इंग्लंडमध्ये. तेथील नद्यांचे पाणी समुद्राला मिळण्यास फार तर पाच दिवस लागतात, या हिशेबाने. तापमानही तेथलेच, थंड. गंगा-गोदावरीला हा हिशेब कसा लागू पडावा? आपल्या उष्ण हवेत जिवाणूंचे काम वेगाने होते. म्हणून भारतीय मानकाने ही चाचणी २७ अंश सेल्सिअस तापमानाला तीन दिवसांची केली. शास्त्र तेच राहिले, माप या भूमीचे झाले.

तीच गोष्ट मातीची. दख्खनची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरील घरांच्या भिंती तडकतात. तळाशी कंदासारखा फुगवटा असलेल्या खांबांचा पाया अशा मातीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केला. वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडणाऱ्या देशाचे जलशास्त्र बारमाही रिमझिम पडणाऱ्या देशाच्या पुस्तकातून जसेच्या तसे उचलता येत नाही. विद्यार्थ्याने परदेशी ग्रंथ अवश्य वाचावेत, मात्र सुट्टीत आपल्या तालुक्याची विहीर, ओढा आणि मातीही वाचावी.

पालकांसाठी दोन शब्द

या वाटेवर सारे गोड आहे, असे सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. आरंभीचा पगार संगणक क्षेत्रातील मित्राच्या तुलनेत बहुधा कमी असतो. ऊन, धूळ, बदल्या, ठेकेदारांशी रोजचा झगडा आणि कागदावर सही करण्यासाठी येणारे दडपण या गोष्टी खऱ्या आहेत. ज्याला मिळालेली जागा केवळ नाइलाज वाटतो, त्याने ती घेऊच नये. अर्ध्या मनाने शिकलेला स्थापत्य अभियंता समाजाला धोकादायक असतो. परंतु ज्याला गणिताची आवड आहे, उन्हाची भीती नाही आणि ‘हे असे का उभे आहे’ असा प्रश्न पूल पाहताना पडतो, त्या मुलाला वा मुलीला घरच्यांनी मागे खेचू नये. मुलींनी साइटवर काय करायचे, हा प्रश्न तर आता कालबाह्य झाला आहे.

संधींची वाण नाही. राज्याच्या अभियांत्रिकी सेवा, केंद्राची अभियांत्रिकी सेवा परीक्षा, महापालिका, जलसंपदा, प्रदूषण नियंत्रण मंडळे, सल्लागार संस्था ही क्षेत्रे खुली आहेत. ‘गेट’ परीक्षेत २०२१ पासून पर्यावरणशास्त्र व अभियांत्रिकी हा स्वतंत्र विषयही आला आहे. विद्यार्थ्यांनी मात्र चार पथ्ये पाळावीत. प्रयोगवहीत दुसऱ्याचे आकडे उतरवू नयेत. संगणकाने दिलेले उत्तर हाताने ताडून पाहावे. सुट्टीत एका तरी बांधकामावर आणि एका तरी सांडपाणी प्रकल्पावर काम पाहावे. आणि मुकादम, गवंडी, प्लंबर यांच्याकडून शिकण्यात कमीपणा मानू नये.

रायगडावर जगदीश्वराच्या मंदिरात एका पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे. ज्याने राजधानी उभारली, त्याचे नाव कळसावर नाही, पायरीवर आहे. आजच्या अभियंत्याच्या वाट्याला बहुधा ती पायरीही येणार नाही. त्याने बांधलेल्या पुलावरून रात्रीची एसटी सुखरूप पलीकडे जाईल, आतले प्रवासी झोपेत असतील. त्याने शुद्ध केलेले पाणी पिऊन एखादे मूल आजारी पडणार नाही आणि आजारी का पडले नाही, हे त्याच्या आईला कधी कळणारही नाही. ही झोप आणि हे आरोग्य हेच या विद्येचे पदक आहे. आपल्या बुद्धिमान मुलांपैकी काहींनी तरी ते स्वेच्छेने, यादीच्या तळातून नव्हे तर अग्रक्रमाने मागून घ्यावे, एवढीच अपेक्षा.