नकाशा, रान आणि आश्रमशाळा

ओरिएंटियरिंग म्हणजे नकाशा आणि होकायंत्र हाती घेऊन अनोळखी रानात ठरलेली ठिकाणे क्रमाने गाठण्याची शर्यत. हा खेळ उत्तर युरोपातल्या लष्करी शिक्षणातून निघाला. १९१९ मध्ये एर्न्स्ट किलांडर यांनी स्टॉकहोमजवळ तरुणांसाठी मोठी स्पर्धा भरवली आणि पुढे हा खेळ स्वीडनच्या शाळांत शिकवला जाऊ लागला. १९६१ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. आता शाळकरी मुलांची जागतिक स्पर्धाही भरते.

भारतात शालेय खेळांची घडी १९५४ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय शालेय क्रीडा महासंघाने बसवली. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्र, ही तिची चढण. महाराष्ट्रात आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांची प्रकल्प, विभाग आणि राज्य पातळीवरची वेगळी वाटही आहे. डिसेंबर २०२३ च्या अखेरीस बल्लारपूरजवळच्या विसापूर क्रीडा संकुलात ६७ वी राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाली, आणि देशभरचे धावपटू चंद्रपूर जिल्ह्यात उतरले.

जिल्ह्याच्या शालेय साहसाचे नाव मात्र त्याआधीच देशभर झाले होते. ऑगस्ट २०१७ मध्ये ‘मिशन शौर्य’ या उपक्रमात इथल्या आश्रमशाळांतल्या निवडक मुलामुलींचे प्रशिक्षण सुरू झाले. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह-लडाख असे त्याचे टप्पे होते. चंद्रपूरचा उन्हाळा अंगवळणी पडलेल्या या मुलांना बर्फाची सवय नव्याने करावी लागली. मे २०१८ मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे आणि विकास सोयाम हे पाच जण एव्हरेस्टवर पोचले. पुढच्या वर्षी राज्याच्या इतर आदिवासी भागांतल्या विद्यार्थ्यांनाही ही संधी मिळाली.

या शिखराचा विदर्भाशी जुना धागा आहे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख विल्यम लॅम्टन १८२३ मध्ये हिंगणघाटला वारले. त्यांच्या जागी आलेल्या जॉर्ज एव्हरेस्ट यांचेच नाव शिखराला मिळाले. शाळेच्या भूगोलात हा प्रसंग क्वचितच येतो, हे नवलच.

नकाशा ही चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत केवळ सरकारी कपाटातली वस्तू राहिलेली नाही. वनविभागाचे काम नकाशावरच्या कक्ष क्रमांकांवर चालते. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर दाव्यांसाठी अनेक ग्रामसभांनी जीपीएस घेऊन आपल्या रानाच्या हद्दी मोजल्या. नाला, पाणवठा, टेकडी, जुनी गुरवाट ही खूण म्हणून कशी वापरायची, हे या गावांतल्या पोरांना वेगळे शिकवावे लागत नाही. शिकवावी लागतात ती कागदावरची चिन्हे, प्रमाण आणि होकायंत्राचे अंश. राष्ट्रीय छात्र सेनेच्या अभ्यासक्रमात नकाशावाचन पूर्वीपासूनच आहे. सवय शाळेत आहे, ओरिएंटियरिंगची स्पर्धा नाही.

अशी स्पर्धा भरवण्यात अडचण वाघाची आहे, आणि ती खरी आहे. ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या भोवतालच्या गावांत वाघ-माणूस संघर्ष रोजचा झाला आहे. तिथे एकट्या मुलाला झुडपात धावायला सोडणे कोणत्याही शिक्षकाला परवडणारे नाही. त्यामुळे इथल्या स्पर्धेने घनदाट जंगलाचा हट्ट सोडावा. शाळेचे आवार, गावठाण, क्रीडा संकुलाचा परिसर आणि दिवसाउजेडी गटाने चालण्याची पद्धत, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. मोठ्या प्रमाणाचा तपशीलवार नकाशा तयार करणे हेच त्यातले कष्टाचे काम, आणि ते भूगोलाचा शिक्षक मुलांना बरोबर घेऊन करू शकतो.

 या परिषदेहून परतल्यावर प्रत्येक क्रीडाशिक्षकाने, भूगोलशिक्षकाने आणि आश्रमशाळेच्या प्रतिनिधीने आपल्या शाळेच्या आवाराचा एक नकाशा मुलांकडून काढून घ्यावा, ही स्वागत समितीची विनंती आहे.