दोन डगरींवरची मोटार

दोन डगरींवर पाय ठेवून उभे राहणाऱ्या माणसाला आपल्याकडे कोणी शहाणा म्हणत नाही. मधले अंतर वाढले की त्याची फजिती ठरलेलीच, असे जुनी माणसे सांगत आली आहेत. व्यवहारात हा उपदेश खराही आहे. पण यंत्रविद्येच्या प्रांतात अधूनमधून असा कोणीतरी निघतो, की जो जाणूनबुजून हीच कसरत करून पाहतो. अशाच एका कसरतीची हकीकत आज आपल्याला सांगावयाची आहे.

२०१३ च्या सप्टेंबरात जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरी मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. तेथे आउडी कंपनीने दोन आसनांची एक मोटार मांडली. तिचे नाव ‘नानुक क्वाट्रो’. नानुक हा उत्तर ध्रुवाकडील इन्यूइट लोकांचा शब्द असून त्याचा अर्थ पांढरे अस्वल असा आहे. गाडीच्या घडणीत इटलीतील तूरीनजवळच्या इटालडिझाइन या नामांकित आरेखनसंस्थेचा हात होता. ही गाडी विकण्यासाठी केलेली नव्हती. मोटारींचे कारखानदार एखादा विचार तपासून पाहण्यासाठी असे नमुने तयार करतात. त्यांना संकल्पना-मोटार म्हणतात. नानुकच्या मुळाशी असलेला विचार एका वाक्यात सांगता येईल: शर्यतीच्या गाडीला कच्च्या रस्त्यावरून चालविता येईल काय?

प्रश्न साधा दिसतो, पण त्यातील अडचण समजून घेतली पाहिजे. आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. कमरेवर घागर घेतलेली बाई झपाझप वळते. तीच घागर डोक्यावर असली, तर तिला वळण जपून घ्यावे लागते. ओझे जितके उंच, तितका वळणावर तोल जाण्याचा संभव अधिक. मोटारीचेही तसेच आहे. म्हणून वेगाने धावणारी गाडी जमिनीलगत ठेवतात, तिच्या स्प्रिंगा आखूड आणि कडक करतात. गाडी खाली असली म्हणजे तिच्या पोटाखालून वाहणारी हवाही आवरता येते. नाहीतर ती भरवेगात गाडीला उचलू पाहते.

कच्च्या रस्त्याची मागणी याच्या नेमकी उलट आहे. तेथे दगड असतात, चाकोऱ्या असतात, पावसाने पडलेल्या घळी असतात. तेथे गाडीचे पोट उंच पाहिजे, चाके मोठी पाहिजेत आणि स्प्रिंगांना वरखाली होण्यास भरपूर वाव पाहिजे. लहान चाक ज्या खड्ड्यात अडकते, त्यावरून मोठे चाक सहज निघून जाते, हे आपल्या गाडीवानांना कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक आहे. आपल्याकडेही शर्यतीचा छकडा वेगळा आणि शेतातून माल वाहणारी बैलगाडी वेगळी. दोहोंचे काम एकाच गाडीने करावे, असे कोणी म्हणत नाही.

नानुकच्या कर्त्यांनी तेच म्हटले. गाडीची लांबी सुमारे साडेचार मीटर, रुंदी दोन मीटरला थोडी कमी आणि उंची मात्र एक मीटर चौतीस सेंटिमीटर. आसनांच्या मागे दहा सिलिंडरांचे, पाच लिटरचे डिझेल एंजिन. त्याची ताकद ५४४ अश्वशक्ती. ताशी तीनशे किलोमीटरच्याही पुढे जाण्याचा तिचा हिशेब. हे सगळे शर्यतीच्या गाडीला शोभणारे आहे. पण चाके बावीस इंचांची, शक्ती चारही चाकांना पुरविलेली, आणि खरी मेख आधाराच्या रचनेत. तेथे हवेच्या दाबावर चालणारी व्यवस्था होती. वेग वाढला की गाडी तीन सेंटिमीटर खाली बसे, रस्ता खराब लागला की चार सेंटिमीटर वर उठे. दोन्ही मिळून अंतर सात सेंटिमीटर, म्हणजे साधारण चार बोटे! सारा वाद या चार बोटांचा होता. कायमचे उंच राहावे की कायमचे बुटके, असा प्रश्न न ठेवता, गाडीने प्रसंग पाहून उंची बदलावी, असे उत्तर त्यांनी काढले.

अशा मिश्रणाचा हा पहिलाच प्रयत्न होता, असे मात्र नाही. नानुकच्या नावातील ‘क्वाट्रो’ या शब्दालाच एक इतिहास आहे. १९७६-७७ च्या हिवाळ्यात आउडीचे यंत्रज्ञ फिनलंडच्या बर्फात गाड्यांची परीक्षा घेत होते. त्यांच्याबरोबर इल्टिस नावाची एक साधी लष्करी गाडी होती. तिचे एंजिन अवघे ७५ अश्वशक्तीचे. परंतु चारही चाकांना जोर मिळत असल्यामुळे तिने बर्फात अधिक ताकदीच्या गाड्यांना मागे टाकले. रांगड्या गाडीचा हा गुण वेगवान गाडीला का देऊ नये, या विचारातून १९८० साली पहिली क्वाट्रो मोटार जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली.

अपयशाचाही एक दाखला देतो. १९७७ साली इटलीच्या लाम्बोर्गिनी कंपनीने ‘चीता’ नावाची, कोठेही जाऊ शकेल अशी गाडी जिनिव्हाला मांडली. शर्यतीच्या गाडीसारखे तिचे एंजिन मागच्या बाजूला बसविले होते. त्या जड एंजिनाने सगळा भार मागे गेला आणि गाडी नीट हाताळता येईना. पुढे १९८६ साली एंजिन पुढे बसवून दुसरी गाडी निघाली, पण ती शर्यतीची गाडी राहिली नाही.

नानुकचे उत्पादन कधी झाले नाही. तरी तिने विचारलेला प्रश्न विरला नाही. आउडीच्याच छत्राखाली आलेल्या लाम्बोर्गिनीने २०१९ साली ‘स्टेराटो’ हा नमुना दाखविला. या इटालियन शब्दाचा अर्थच कच्चा रस्ता. २०२२ साली ती गाडी विक्रीसाठी जाहीर झाली. मूळच्या गाडीपेक्षा ती ४४ मिलिमीटर उंच होती आणि तिचे टायर ओबडधोबड जमिनीसाठी केलेले होते. मूळ गाडीचा वेग ताशी ३२५ किलोमीटर, हिचा २६०. दोन डगरींवर उभे राहण्याचे भाडे ते एवढे! निसर्गाचा हिशेब कोणालाही माफ होत नाही. फार तर तो हप्त्याने फेडता येतो.

आता, श्रोतेहो, आपण विचाराल की या श्रीमंती खेळाशी आमचा संबंध काय? स्टेराटोच्या जेमतेम दीड हजार गाड्या ठरविल्या होत्या. त्या घेणाऱ्यांपैकी कितीजणांनी चाकाला चिखल लावून घेतला असेल, याविषयी मला दाट शंका आहे. ज्यांच्या दाराशी कच्चा रस्ता आहे त्यांना ही गाडी परवडत नाही, आणि ज्यांना परवडते त्यांच्या दाराशी डांबर असते. ही विसंगती हसून सोडून देण्याजोगी नाही.

पण याच प्रश्नाचे दुसरे एक उत्तर फार पूर्वी दिले गेले आहे, त्याची आठवण ठेवली पाहिजे. फ्रान्समध्ये सित्रोएन कंपनीच्या प्रमुखाने, पिएर बुलांजे यांनी, आपल्या यंत्रज्ञांना एक स्वस्त गाडी करावयास सांगितले. तिने दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे न्यावेत, आणि अंड्यांची टोपली ठेवून नांगरलेल्या शेतातून गेली तरी एकही अंडे फुटू नये, अशी अट होती. ती गाडी १९४८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आली. सात वर्षांनी त्याच कंपनीच्या ‘डी. एस.’ गाडीत तेल आणि वायू यांच्या दाबावर चालणारा आधार आला, आणि चालकाला एक दांडा सरकवून गाडी उंच करता येऊ लागली. म्हणजे नानुकची ती चार बोटांची युक्ती १९५५ सालीच घरगुती गाडीत येऊन बसली होती.

म्हणून अशा प्रयोगांना मी नावे ठेवणार नाही. वेग आणि वाट यांचे भांडण मिटविण्याची खटपट मोलाची आहे, आणि ती करताना लागलेली ठेच पुढच्याला उपयोगी पडते. माझे मागणे एवढेच, की अशा खटपटीत पुढच्या खेपेला कोणीतरी अंड्यांची टोपलीही बरोबर घ्यावी. आपल्या देशात पक्की सडक संपून कच्ची वाट सुरू होणे ही काही मौजेची गोष्ट नाही. त्या वाटेवरून कोणी भाजी घेऊन बाजाराला निघालेले असते, कोणी आजाऱ्याला घेऊन दवाखान्याकडे. दोन डगरींवर उभे राहण्याची खरी गरज आहे ती त्यांच्या गाडीला.